डावीकडून येणारे पक्षी

शिंजीर हा पक्षी अंगठ्याएवढा असतो, आणि आपला शिंजीर नव्वद किलोचा. बस डेपोत सगळे त्याला याच नावाने हाक मारत. नाव ठेवलं त्याच्याच कंडक्टरने. एकदा चहाच्या सुट्टीत याने खिशातून फोटो काढला आणि "हा बघ शिंजीर, हवेत थांबलाय" असं इतक्या कौतुकाने दाखवलं, की कंडक्टरने एकदा फोटोकडे आणि एकदा त्याच्या पोटाकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

एकोणतीस वर्षं तो शहराची बस चालवत होता. एवढ्या वर्षांत त्याच्या बसचा धक्का कुत्र्यालासुद्धा लागला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगत नसे. दुसरं कोणीतरी सांगेल अशी सोय मात्र बोलता बोलता करून ठेवत असे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

घराच्या मागे दोन खोल्यांएवढी बाग होती. त्यात एक लिंबाचं झाड, भिंतीवर वेल, गळका नळ आणि नळाखाली मातीचं पसरट भांडं. भांड्यापासून चार हातांवर त्याने रंगाच्या रिकाम्या डब्यात एक वाळकी फांदी रोवली होती. पाण्यावर येणारा लहान पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी कुठेतरी टेकतो, इकडेतिकडे बघतो, मग खाली येतो. ती टेकायची जागा आपणच द्यायची, म्हणजे पक्षी कुठे येणार ते आधीच ठरून जातं. एवढं कळायला त्याला दोन वर्षं लागली होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो जुन्या पडद्यामागे स्टूल टाकून बसे, कॅमेरा तिकाटण्यावर, डावा डोळा घट्ट मिटलेला आणि उजवा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावलेला. बसलेल्या पक्ष्याचा फोटो त्याला नको असे. बसलेला पक्षी म्हणजे स्टॉपवर उभी राहिलेली बस, त्यात बघायचं काय, असं तो म्हणे. त्याला हवा असे तो पाय टेकण्याच्या आधीचा क्षण, पंख पूर्ण उघडलेले, शेपटी ब्रेकसारखी पसरलेली आणि नखं पुढे काढलेली. त्यासाठी पक्षी चौकटीच्या कडेला दिसला रे दिसला की बोट दाबावं लागतं. दिसल्यावर विचार केलात, तर फांदीवर शेपटी हलवणारा पक्षी मिळतो आणि तुम्ही बसता हात चोळत.

संध्याकाळी जेवणाआधी कॉम्प्युटर. चारशे फोटोंतले तीनशे नव्वद उडवायचे हे पहिलं काम, आणि ते तो दयामाया न दाखवता करी. उरलेल्यांची चौकट सरळ करायची, पंखाखालची सावली थोडी उजळायची, कमी उजेडात फोटोवर जे दाणे उठतात ते मऊ करायचे, फांदीवरची पांढरी शीट पुसायची. यांनी घाण करायची आणि मी काढायची, असं पुटपुटत तो एकेक ठिपका पुसे. त्याचे नियम दोनच. जे नव्हतं ते फोटोत घालायचं नाही, आणि एका फोटोत एकच पक्षी ठेवायचा. दुसरा कोणी कडेला घुसला असेल तर चौकट आवळून त्याला बाहेर काढायचं.

यंदा मात्र अशी काटछाट फार करावी लागत होती. फोटोच्या डाव्या बाजूला हटकून दुसरा पक्षी निघायचा. लख्ख, पंख पसरलेला, आणि काढताना याला तो दिसलेलाच नसे. फुकटचा पाहुणा म्हणून तो हसे आणि कापून टाकी.

तसे यंदा डावीकडचे पक्षी त्याला फसवतच होते. उजवीकडून येणारी चिमणी, बुलबुल, शिंपी, सगळे नीट यायचे आणि नीट सापडायचे. डावीकडून येणारा पक्षी मात्र येताना दिसायचाच नाही, एकदम फांदीवर बसलेलाच. त्याने फांदी हलवली, भांडं हलवलं, स्टूल पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. शेवटी त्याने शोध लावला की शेजारच्या मास्तरांनी आपल्या बाजूच्या फांद्या छाटल्या, त्यामुळे पक्ष्यांची वाट मोडली. मास्तर निवृत्त शिक्षक, शांत माणूस. त्यांच्याशी भिंतीवरून अर्धा तास भांडण झालं आणि नंतर बोलणंच बंद झालं. बायको दारात बसून गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करत होती. कपडे दुरुस्त करणं हे तिचं काम, आणि नवऱ्याला दुरुस्त करणं हे फावल्या वेळचं. ती दोरा तोडत म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

खरी गोष्ट सुरू झाली ती छापखान्यात. डेपोतल्या लोकांनी ठरवलं होतं की पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर शिंजीरचे बारा पक्षी छापायचे. त्याने यंदाचे उत्तम बारा निवडून नेले. छापखानेवाल्याने ते टेबलावर ओळीने मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला की फोटो झकास आहेत, पण सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला आहे, बाराच्या बारा जण कोणीतरी मागे लागल्यासारखे डावीकडे पळतायत. सहा उलटे करू का, आरशात दिसतात तसे, असंही त्याने विचारलं. शिंजीर म्हणाला, खोटं छापायचं नाही. दुसऱ्या बाजूला बघणारे माझ्याकडे ढिगाने आहेत, घरून आणतो.

घरी येऊन त्याने साठवलेले फोटो वर्षावार उघडले. तीन वर्षांपूर्वीचे चांगले फोटो मोजले. डावीकडून येणारे एक्केचाळीस, उजवीकडून येणारे अडतीस. त्याच्या पुढच्या वर्षी डावीकडचे सव्वीस. गेल्या वर्षी नऊ. यंदा एकही नाही.

त्याने पुन्हा मोजलं. मास्तरांनी फांद्या छाटून चारच महिने झाले होते, आणि हे तर तीन वर्षं चाललं होतं. मग त्याने न कापलेले मूळ फोटो उघडले. प्रत्येकात डावीकडे तो फुकटचा पाहुणा होता. पक्षी डावीकडून येतच होते. कॅमेऱ्याला ते दिसत होते. न दिसणारा पडद्यामागे बसलेला होता. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि बायकोने दोनदा हाक मारली तरी तो जागचा उठला नाही.

रविवारी सकाळी त्याने बायकोला बागेच्या दारात बसवलं. तू फक्त मोज, बोलू नकोस, असं सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. तिच्या मांडीवर एक राखाडी पँट होती. डावीकडून पक्षी आला की डाव्या पायात टाचणी, उजवीकडून आला की उजव्या पायात, अशी तिने आपली सोय लावली. हा पडद्यामागे डावा डोळा मिटून बसला आणि कागदावर रेघा ओढत गेला. तासाभराने तो बाहेर आला. त्याच्या कागदावर उजवीकडच्या नऊ रेघा होत्या. पँटच्या उजव्या पायात नऊ टाचण्या होत्या, आणि डाव्या पायात अकरा.

"अहो," ती म्हणाली, "डोळे उघडे ठेवून बसला होता ना?"

तो तिच्यासमोर उभा राहिला, त्याने तिच्या नाकाकडे बघितलं आणि डावा डोळा मिटला. तिचं नाक तिथेच होतं. पण त्याच्या डाव्या हाताला असलेला तिचा खांदा नव्हता, दाराची चौकट नव्हती, नळ नव्हता. तिथे काळं काही आलं नव्हतं. धुरकटही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं, आणि काही नाही हेही मुद्दाम शोधल्याशिवाय कळत नव्हतं. डावा डोळा उघडला की सगळं परत जागच्या जागी. त्याने चार वेळा उघडमीट केली. पाचव्यांदा करायचा त्याला धीर झाला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ मिळाली. मध्ये सोमवार, मंगळवार, बुधवार होते, आणि तिन्ही दिवस त्याची ड्यूटी होती. बायको म्हणाली, रजा टाका. तो म्हणाला, कारण विचारतील. दोनच महिन्यांपूर्वी डेपोच्या तपासणीत त्याने तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली होती, एकेक डोळा झाकून वाचली होती, आणि कागदावर शिक्क्यासकट 'उत्तम' असं लिहून मिळालं होतं. ज्याचे डोळे उत्तम, तो रजा कसली मागणार?

ते तीन दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. बसचं दार डावीकडे, स्टॉप डावीकडे, फुटपाथ डावीकडे, फुटपाथवरून अचानक खाली पाय टाकणारी माणसं डावीकडे. आता तो दर दहा पावलांवर मान वळवून डावीकडे बघत होता. डोळ्यांत तेल घालून गाडी चालवणं म्हणजे काय हे त्याला एकोणतीस वर्षांनी कळलं. कंडक्टर थट्टेने म्हणाला, काय शिंजीर, त्या बाजूला कोणी रुसून बसलंय का? तो हसला, पण मान वळवायची थांबवली नाही. गेल्या महिन्यात एक सायकलवाला बसवर थाप मारून शिव्या देत गेला होता, तेव्हा यानेच काच खाली करून त्याला चार शब्द सुनावले होते. आता त्याला वाटलं, तो कुठून आला होता? आणखी किती जण आले असतील, थोडक्यात वाचून मुकाट पुढे गेले असतील? मन चिंती ते वैरी न चिंती. प्रत्येक स्टॉपवरून गाडी काढताना तो चाकाखाली काहीतरी येण्याची वाट बघत होता. काही आलं नाही. त्याने तर भीती आणखीच वाढली.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. एक डोळा झाकला, हातात एक बटण दिलं. मधल्या ठिपक्याकडेच बघायचं, आजूबाजूला कुठे प्रकाश चमकला की दाबायचं. त्याला क्षणभर बरंच वाटलं. दिसलं की दाबायचं, या कामात आपला हात कोण धरणार? पहिल्यांदा डावा डोळा, मग उजवा. उजव्या डोळ्याच्या वेळी ठिपके पटापट आले, त्याने पटापट दाबले, आणि मग एकदम ठिपके येणंच थांबलं. यंत्र बिघडलं असावं असं वाटून तो थांबून राहिला. पण यंत्राची बारीक टिकटिक चालू होती. टिक, टिक, टिक. दर टिकटिकीला कुठेतरी प्रकाश चमकत होता, आणि त्याचं बोट बटणावर तसंच पडून होतं. तोंड बाहेर काढून पळून जावंसं वाटलं, पण हनुवटी टेकवलेली होती आणि तो आज्ञाधारक माणूस होता.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. उजव्या डोळ्याच्या चित्रात नाकाच्या बाजूला मोठा काळा डाग होता. डाव्याच्या चित्रात दोन लहान डाग, तेही डाव्या बाजूलाच. काचबिंदू आहे, त्या म्हणाल्या. मधली नजर शाबूत राहते, म्हणून तक्ता वाचता येतो. दोन डोळे एकमेकांचं उणं झाकतात, म्हणून रोजच्या व्यवहारात कळत नाही. एक डोळा मिटून काही करायची तुम्हाला सवय होती म्हणून लक्षात तरी आलं, बहुतेकांना फार उशिरा कळतं. गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज टाकायचे, म्हणजे उरलेलं धरून ठेवता येईल. डावाही आता हळूहळू तोच मार्ग धरतोय, त्यामुळे डावीकडचं काही काही दोन्ही डोळे उघडे असूनही सुटत असणार. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "काम काय करता? गाडी वगैरे चालवता का?"

"नाही," तो म्हणाला. "फोटो काढतो."

बायको शेजारच्याच खुर्चीवर होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पिशवीची चेन तिने पूर्ण उघडली आणि पूर्ण लावली.

परतताना दोघं दुसऱ्याच कोणाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून आले. घरी आल्यावर तोच बोलत राहिला. दीडच वर्षाचा प्रश्न आहे. थेंब चालू झालेच आहेत. मान वळवायची सवय लागली की झालं. डेपोचा कागद उत्तम म्हणतो, मग मी कोण वेगळं म्हणणार? आणि बस सोडून मी करू काय, टेबलामागे बसून पासवर शिक्के मारू? हे सगळं तो मोठ्याने बोलला. जे बोलला नाही ते असं, की आज बस सोडली तर डोळे जाताहेत हे खरं होईल, आणि ते खरं होण्याची त्याला माणूस चिरडण्याइतकीच भीती वाटत होती. बायकोने एका जाकिटाची चेन उसवली, नवी बसवली, आणि ताटं वाढली.

शुक्रवारी सकाळची पहिली फेरी. बस टर्मिनसला उभी होती, इंजिन चालू होतं, माणसं चढत होती. त्यांत बायको चढली. बाहेर जायच्या चपला, हातात पिशवी. ती आली ती थेट पुढे, ड्रायव्हरच्या बरोबरीला डाव्या काचेला लागून जी एकटी सीट असते तिच्यावर बसली. कंडक्टरने विचारलं, वहिनी, आज इकडे कुठे? ती म्हणाली, शेवटच्या स्टॉपचं द्या. शिंजीर तिच्याकडे वाकून हळूच म्हणाला, हे काय चालवलंयस? ती म्हणाली, तुमची वेळ झाली.

ती फेरी चाळीस मिनिटांची होती. त्याने मान वळवली की तिथे ती असायची, समोर रस्त्याकडे बघत, पिशवी पोटाशी धरून. मान सरळ केली की पलीकडे काय चाललंय याची खात्री नसायची. दोन स्टॉपवर त्याने गाडी फुटपाथपासून नको तितकी लांब उभी केली. एका वळणावर तो इतका हळू गेला की मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. ती उतरली नाही. कंडक्टर तिकिटं घेऊन आला, तर तिने परतीचं तिकीट मागितलं.

शिंजीरने इंजिन बंद केलं.

"घरी जा," तो म्हणाला. "ती सीट चांगली नाही. काही झालं तर पहिला मार तिथेच बसतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "काल तुम्ही डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलंत आणि मी गप्प बसले. म्हणजे मीही खोटं सांगितलं. तुम्हाला चालवायची तर चालवा, मी अडवणार नाही. तुम्हाला दिसत नाही त्या बाजूला मी बसत जाईन. रोज, सगळ्या फेऱ्या. रस्त्यावरच्या लोकांना कोणी विचारत नाही, निदान घरचं एक माणूस तरी तिकडे असू दे."

त्याला राग आला. वेड लागलंय तुला, असं तो म्हणाला, आणखीही बरंच म्हणाला. नवी माणसं चढायला लागली होती. एका बाईने कडेवरचं मूल सावरत याच्याकडे बघून, गाडी सुटतेय ना, असं विचारलं. त्याने किल्लीला हात घातला आणि तो हात तिथेच राहिला. कंडक्टरने दोनदा घंटा मारली. पुन्हा दोनदा मारली. मग तो पुढे येऊन म्हणाला, काय शिंजीर, गाडीला काय झालं?

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "दुसरा ड्रायव्हर मागव. मला डावीकडचं दिसत नाही."

हे वाक्य त्याने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं. कंडक्टर हसायच्या बेतात होता, पण चेहरा बघून थांबला. शिंजीरने किल्ली काढून त्याच्या हातात दिली, जागेवरून उठला, आणि बायकोला उठवायला हात पुढे केला.

तिने लगेच हात दिला नाही. आधी पिशवीच्या बंदांतून बोटं एकेक करून सोडवावी लागली, ती आखडून गेली होती. मग तिने हात दिला. तळव्यात चार नखं रुतल्याच्या चार लाल खुणा होत्या, दुसऱ्या तळव्यातही तशाच चार. तो त्या खुणांकडे बघत उभा राहिला. एकोणतीस वर्षांत त्याच्या बसमध्ये इतकं घाबरून कोणी बसलं नव्हतं.